माझ्या तळाची फट

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी आपली थोरवी सांगतात. मीही एक जुनी लाकडी पेटी आहे, आणि सांगण्यासारखी थोरवी माझ्याकडेही थोडीफार आहे. पण ती सांगायला तोंड उघडलं की माझा तळ आठवतो आणि मी गप्प होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगाच नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते, ही गोष्ट माझ्या एका चुकीची आहे.

माझा मुक्काम शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, मानसशास्त्राच्या खोलीत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात असतो. शेजारी प्लॅस्टरचा एक मेंदू आहे, त्याचा एक तुकडा केव्हाच हरवला. पलीकडे एक बंद पडलेलं स्टॉपवॉच आहे. माझ्या झाकणावर चिठ्ठी टाकण्यापुरती एक खाच आहे, पण चिठ्ठ्या आता कोणी टाकत नाही. पोटात खडूचे तुकडे असतात. पूर्वी याच पोटात एकतीस मुलांची मनं असायची.

माझा जन्म शाळेच्या मागच्या शेडमधला. तिथे सुतारकाका मोडके बाक दुरुस्त करायचे. त्यांनी माझ्या चारही बाजू आणि झाकण एका मोडक्या बाकातून काढलं. माझ्या डाव्या कुशीवर कोणीतरी कर्कटकाने कोरलेली एक बेरीज अजून आहे, आणि ती चुकलेली आहे. तळाला मात्र बाकाची फळी पुरली नाही. नवीन फळी होती, पण ती ओली होती.

मला बनवून घेतलं ते मानसशास्त्राच्या बाईंनी. त्या वर्षी अकरावीला हा विषय पहिल्यांदाच सुरू झाला होता, आणि मुलं त्यांना 'मनाच्या बाई' म्हणू लागली होती. बाई शेडच्या दारात घड्याळ बघत उभ्या होत्या. सुतारकाका म्हणाले, "फळी महिनाभर वाळू द्या, मग तळ ठोकतो." बाई म्हणाल्या, की शुक्रवारी तास आहे आणि त्यांना पेटी शुक्रवारीच हवी आहे. काकांनी मान हलवली, चार खिळे ठोकले आणि म्हणाले, "सुकली की सांधा सुटेल. तेव्हा आणा माझ्याकडे." बाईंनी हो म्हटलं. काकांनीही, आपण मध्ये एकदा येऊन बघू, असं म्हटलं. मी दोघांचं ऐकलं आणि विसरले. नवीन रंगाचा वास अंगाला येत होता, मग कोण कशाला तळाची काळजी करेल?

बाईंचं शिकवणं मला फार आवडायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, मन कुठे असतं? कोणी छातीवर हात ठेवला, कोणी डोक्यावर. शेवटच्या बाकावरच्या एका लंबूने पोटावर हात ठेवला आणि सांगितलं, की तपासलेले पेपर वाटायला लागले की ते इथे येतं. वर्ग हसला, पण बाईंनी ते उत्तर फळ्यावर लिहून ठेवलं. नंतर कधी त्या वीस शब्द वाचून दाखवायच्या आणि किती लक्षात राहिले ते लिहायला सांगायच्या. कधी पट्टी वरून सोडायच्या आणि ती कोण किती लवकर पकडतं ते मोजायच्या. पण त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. दुसऱ्याचं मन ओळखायची घाई करू नका, आधी घरचं बघा.

घरचं बघण्यासाठी शुक्रवारचा शेवटचा तास होता. त्याला मुलं 'उलट्या हाताचा तास' म्हणायची. आठवड्यात स्वतःच्या मनाबद्दल जे दिसलं, ते दोन-तीन ओळींत लिहायचं. नाव घालायचं नाही. आणि लिहायचं ते रोज ज्या हाताने लिहितो त्या हाताने नाही, दुसऱ्या. बाई म्हणायच्या, उलट्या हाताने लिहिलं की अक्षर कोणाचं ते ओळखू येत नाही, आणि लांबलचक खोटं लिहायचा कंटाळा येतो. मग चिठ्ठीच्या चार घड्या घालून ती माझ्यात टाकायची. शनिवारी बाई चिठ्ठ्या वाचायच्या. एखादी जड असली, तर पुढच्या शुक्रवारी कोणाची ते न विचारता तिच्याबद्दल बोलायच्या.

काय काय यायचं माझ्या पोटात! कोंबडीने ओढल्यासारखी अक्षरं, पण एकेक ओळ अशी, की मी आतल्या आत अवघडून जायची. 'मित्र नापास झाला तेव्हा मला बरं वाटलं.' 'मी हसतो तेव्हा खरं तर मला भीती वाटत असते.' वर्षाच्या शेवटी या सगळ्या चिठ्ठ्या बाई वर्गासमोर फाडून टाकणार होत्या, म्हणून मी त्या पाठ करून ठेवायची. मला अभिमान वाटायचा. एकदा बाई माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाल्या, की पोटातलं ओठावर न आणणारी या शाळेत एकटी ही पेटीच आहे. मी फुगले. आणि मित्रांनो, फुगलेलं लाकूड सुकायला लागलं की काय होतं, ते सुताराला विचारा.

कोरडे दिवस आले. तळाची फळी आकसली, मागच्या बाजूचा सांधा सुटला आणि तिथे बोटाचं नखही जेमतेम जाईल एवढी फट पडली. ती मला पहिल्या दिवसापासून जाणवली. लाकडाला बोलता येत नाही हे खरं, पण कुरकुरता येतं. बाई मला टेबलावर ठेवायच्या तेव्हा मी कुरकुरू शकले असते. पण कपाटावर एक नवा कोरा पत्र्याचा डबा बसलेला होता. मी कुरकुरले तर ही जुनी झाली, आता तो डबा घ्या, असं कोणी म्हणेल, या धास्तीने मी अंग आवरून बसायची. शिवाय चार घड्यांची चिठ्ठी त्या फटीतून जाणार नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावलं.

आता एका मुलीबद्दल सांगते. ती वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. तिची धाकटी बहीण याच शाळेत आठवीत होती, म्हणून मी या दोघींना थोरली आणि धाकटीच म्हणते. धाकटीला दमा होता. तिच्या कमरेला एक छोटी कापडी पिशवी असायची, त्यात तिचा पंप. घरातल्या सगळ्यांचे कान धाकटीच्या श्वासाकडे लागलेले असायचे. थोरली गुणी होती. घरी कोणाला तिच्याकडे बघावं लागत नसे, म्हणून कोणी बघतही नसे.

थोरली डावखुरी होती. ती चार-पाच वर्षांची असताना वडिलांनी तिच्याकडून दोन वर्षं रोज एक पान उजव्या हाताने गिरवून घेतलं होतं. पुढे शाळेतल्या एका शिक्षकांनी समजावलं आणि तिचा डावा हात तिला परत मिळाला. पण त्या जुन्या वह्या घरात राहिल्या, आणि धाकटी अक्षरं शिकली ती त्याच वह्यांतून. थोरलीचं ते गोल, ठसठशीत, उजव्या हाताचं अक्षर धाकटी आपल्या अक्षरापेक्षा चांगलं ओळखायची. बाईंची युक्ती तीस मुलांना लपवत होती. एका मुलीला मात्र ती उघडं पाडणार होती, आणि हे ना बाईंच्या लक्षात आलं, ना त्या मुलीच्या. हे सगळं मलाही नंतर कळलं.

फट पडली त्यानंतरच्या एका आठवड्यात थोरलीची वक्तृत्व स्पर्धा होती. महिनाभर तिने आरशासमोर तयारी केली होती. ऐन वेळी धाकटीला दम लागला, आई तिला घेऊन डॉक्टरांकडे धावली आणि घर सांभाळायला थोरली मागे राहिली. संध्याकाळी सगळ्यांनी धाकटीची विचारपूस केली. स्पर्धेचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

शुक्रवारी ती बराच वेळ पेन धरून बसली. घंटा व्हायला आली तेव्हा तिने उजव्या हाताने भराभरा लिहिलं: 'धाकटीला दम लागला की मला आधी राग येतो. काळजी नंतर येते. कधी वाटतं, ती नसतीच तर.' घंटा झाली. तिने कागदाची एकच घडी घातली आणि चिठ्ठी माझ्यात टाकली.

कागद पातळ होता. तो भिंतीशी उभा राहिला, मग घसरत खाली आला आणि त्याची कड नेमकी फटीत बसली. बाईंनी मला काखेत तिरकं धरलं आणि त्या शिक्षकांच्या खोलीकडे निघाल्या. पाण्याच्या नळांपाशी मुलांची रांग होती. तिथे ती चिठ्ठी माझ्यातून निसटली. मला कळलं. खरं सांगू? त्या क्षणी मला हलकं वाटलं. जड काहीतरी गेलं, एवढंच वाटलं. त्या हलकेपणाची मला आजही लाज वाटते.

रांगेत धाकटी होती. बाईंचा कागद पडला, म्हणून तिने तो द्यायला उचलला. उचलताना घडी उघडली आणि तिला आपल्या पहिल्या वहीचं अक्षर दिसलं.

शनिवारी चिठ्ठ्या तीसच निघाल्या. लिहिण्याची सक्ती नव्हती, कोणाला नसेल लिहावंसं वाटलं, असं म्हणून बाईंनी विषय सोडला. आणि पुढच्या शुक्रवारी थोरली तासभर बाईंच्या तोंडाकडे बघत बसली. आज बाई बोलतील, मनात आलेल्या असल्या विचाराचं काय करायचं ते सांगतील, अशी तिला आशा होती. बाई विसरण्याबद्दल बोलल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी स्वप्नांबद्दल. तिसऱ्या आठवड्यात थोरलीने माझ्यात जी चिठ्ठी टाकली तिच्यावर एकच ओळ होती: 'बाईंनीसुद्धा हात लावू नये इतकं ते वाईट होतं का?' बाईंनी ती वाचली, उलटसुलट केली, पण त्यांना काही बोध झाला नाही. बोध व्हायला पहिली चिठ्ठी लागत होती. ती मी सांडली होती.

आणि धाकटी? तिने ती चिठ्ठी पंपाच्या पिशवीत ठेवली आणि दम लागला तरी सांगायचं बंद केलं. घरी खोकला आला की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. पंप कमी वेळा घ्यायची, म्हणजे तो लवकर संपणार नाही आणि नवीन आणा असं म्हणावं लागणार नाही. आई शेजारणीला सांगायची, की पोरीची तब्येत हल्ली बरीच सुधारली. थोरलीने ते ऐकलं तेव्हा तिलाही बरं वाटलं असेल.

चौथ्या शुक्रवारी उलट्या हाताचा तास चालू असताना जिन्यावर गडबड ऐकू आली. धाकटी पायऱ्यांवर बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं. शिपाईमामांनी तिला उचललं आणि सगळ्यात जवळची खोली म्हणून आमच्या खोलीत आणून टेबलाशी बसवलं. माझ्या अगदी शेजारी. तिचा श्वास करवतीसारखा वाजत होता. ओठांचा रंग उतरला होता. बाईंनी खिडक्या उघडल्या, लंबूला ऑफिसात फोन करायला पिटाळलं. थोरली बाकांवरूनच उडी मारून आली. तिने बहिणीच्या कमरेची पिशवी ओढली, पंप बाहेर काढला, आणि पंपाबरोबर एक घडी घातलेला कागद बाहेर आला.

तो टेबलावर उघडा पडला. थोरलीने आपलंच अक्षर पाहिलं. मला वाटलं, आता हिचा हात थांबणार. पण तो थांबला नाही. तिने पंप हलवला, धाकटीच्या तोंडाशी धरला आणि दाबला. "ओढ. धरून ठेव. सोड आता," ती म्हणत राहिली. तिचा आवाज स्थिर होता, डोळ्यांतून मात्र पाणी चाललं होतं.

हळूहळू करवत थांबली. डॉक्टर आणि आई वाटेत होते. बाईंनी मुलांना बाहेर काढलं आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. थोरलीने चिठ्ठीकडे बोट दाखवून विचारलं, "किती दिवस आहे ही तुझ्याकडे?"

धाकटी थांबत थांबत म्हणाली, "तूच लिहिलंयस ना, मी नसते तर. म्हणून मी नसल्यासारखं राहून बघत होते."

मित्रांनो, मी लाकूड आहे. पण त्या वाक्यावर माझे चारही खिळे हलले.

थोरलीने पंप टेबलावर ठेवला. तिने खोटं सांगितलं असतं, ते मी नाही लिहिलं असं म्हटलं असतं, तर कदाचित सोपं गेलं असतं. पण ती म्हणाली, "मला राग येतो. आत्ता तुला उचलून आणलं तेव्हासुद्धा आधी रागच आला. पण मी धावत आले की नाही?"

धाकटीने मान हलवली.

"मग दोन्ही खरं धर. आणि परत कधी असं गप्प बसलीस तर बघ."

त्या दिवशी धाकटीला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. थोरलीची स्पर्धा कशी बुडाली, हे आईला त्या तीन दिवसांत पहिल्यांदा कळलं. ते तिला धाकटीने सांगितलं.

बाईंनी मला उलटं केलं तेव्हा खोली रिकामी होती. त्यांनी फटीवर नख फिरवलं आणि खुर्चीत बसल्या. मग मला घेऊन स्वतः शेडमध्ये गेल्या. "बैल गेला आणि झोपा केला, काका," एवढंच त्या म्हणाल्या. सुतारकाका माझा तळ बघत राहिले. "ओली फळी तुम्ही मागितलीत," ते म्हणाले, "पण ठोकली मी. आणि बघायला येतो म्हणून आलो नाही." कोणी कोणाला माफ केलं नाही, कोणी कोणाला बोल लावला नाही. काकांनी जुना तळ काढला, वाळलेली फळी बसवली आणि आतून बारीक पट्ट्या मारल्या. प्रत्येक खिळा मला लागला. लागायलाच हवा होता.

पुढच्या शुक्रवारी बाईंनी थोरलीच्या परवानगीने वर्गाला सगळं सांगितलं. थोरलीची अट एकच होती, की पुढच्या मुलांनाही खुशाल सांगा, फक्त नाव नको. म्हणून तर मी आज तुम्हाला सांगू शकते. मग बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'माझ्याकडून वाईट झालं.' 'मी वाईट आहे.' त्या म्हणाल्या, "दोन्ही सारखीच वाटतात. पण पहिलं वाक्य माणसाला सुताराकडे पाठवतं, आणि दुसरं कपाटामागे लपायला लावतं. मी आठवडाभर कपाटामागे होते. आज पहिलं वाक्य म्हणते आहे. माझ्याकडून वाईट झालं."

लंबूने हात वर केला आणि विचारलं, मग आता आम्ही पुन्हा का लिहायचं? बाई म्हणाल्या, की लिहायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. त्या शुक्रवारी मी रिकामी राहिले, त्याच्या पुढच्याही. एवढी हलकी मी कधीच नव्हते, आणि ते हलकेपण मला सोसवत नव्हतं. तिसऱ्या शुक्रवारी थोरली उठली. तिने मला उलटं केलं, अंगठ्याने तळ चारही कोपऱ्यांत दाबून पाहिला आणि मला शेजारच्या मुलाकडे दिलं. त्यानेही दाबून पाहिला. मी एकतीस हातांतून फिरले. मग कागद फाडल्याचे आवाज येऊ लागले. फक्त थोरलीला बाईंनी सांगितलं होतं, की तू पेन दातांत धरून लिहिलंस तरी चालेल.

तेव्हापासून दरवर्षी पहिल्या शुक्रवारी माझा तळ सगळ्यांनी दाबून बघायचा, अशी रीतच पडली. बाई निवृत्त होईपर्यंत ती चालली. नंतर आलेल्या सरांची शिकवायची पद्धत वेगळी होती, आणि मी खडूंच्या कामाला लागले. तक्रार नाही. कधी कधी वाटतं, हेच माझ्या लायकीचं. मग फळ्यावरचं ते दुसरं वाक्य आठवतं आणि मी तो विचार परत ढकलते. रोज ढकलावा लागतो, हेही खरं.

मित्रांनो, तुमच्याकडेही कोणीतरी कधीतरी येईल. मैत्रीण येईल, भाऊ येईल, आणि मनातलं तुमच्यापाशी ठेवेल. तेव्हा माझ्यासारखं फुगू नका. आधी स्वतःला उलटं करून बघा, तळ वाळलेला आहे का, कुठे फट आहे का. असली तर लाजेपायी गप्प बसू नका, कुरकुरा. पत्र्याच्या डब्याला घाबरून मी एक आवाज गिळला आणि एक मुलगी चार आठवडे श्वास गिळत राहिली.

एक गोष्ट राहिली. तीन वर्षांनी धाकटी अकरावीत आली आणि याच खोलीत, बहिणीच्याच बाकावर बसली. पहिल्या शुक्रवारी मी हातोहात फिरत तिच्यापाशी आले, तेव्हा तिने माझा तळ सगळ्यांपेक्षा जास्त वेळ दाबला. मग डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, तिने बऱ्याच ओळी लिहिल्या. चार घड्या घातल्या, वर आणखी एक घातली आणि चिठ्ठी माझ्यात सोडली. बाईंनी ती शनिवारी वाचली, डोळे पुसले आणि पुन्हा माझ्यातच ठेवली. वर्षाच्या शेवटी ती बाकीच्यांबरोबर फाडली गेली. मला मात्र ती शब्दन् शब्द पाठ आहे.

तिच्यात काय लिहिलं होतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.